कोकणातलं घर, दीड फुटी चिऱ्याच्या भिंती : कुठला राउटर घ्यावा?

पडवीकर | ४ मे, रात्री ९:४०

मंडळी, राउटर सुचवा. पण आधी घर सांगतो, कारण खरी अडचण घरच आहे.

संगमेश्वर तालुक्यात आजोबांच्या वेळचं घर. जांभा चिरा, वर मंगलोरी कौलं. बाहेरच्या भिंती दीड फूट, मधल्याही फार मागे नाहीत. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर आणि बाळंतिणीची खोली (ती आता माझं ऑफिस), मागे स्वयंपाकघर, मागची पडवी. न्हाणीघर वेगळं. अर्ध्या घरावर माडी. पुढच्या उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत टेपने मोजलं, ६२ फूट भरलं.

यंदा मे ते सप्टेंबर इथूनच काम करायचं ठरवलंय. गावात फायबर आलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. जोडायला आलेल्या मुलाने कंपनीचं वायफायचं खोकं ओटीवर दाराच्या वर ठोकलं, कारण वायर तिथून आत आली आणि प्लगही तिथेच होता. ओटीवर बसलं तर ९०च्या वर स्पीड. माजघरात ४०. माझ्या ऑफिसात कधी ६, कधी काहीच नाही. स्वयंपाकघरात आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला की मावशीचा चेहरा थिजतो आणि आई तिला "तोंड मिट गं" म्हणून ओरडते.

बाजारातला दुकानदार म्हणतो, हा सहा अँटेनांचा घ्या, ३००० स्क्वेअर फुटांना पुरतो, खोक्यावर लिहिलंय. घर तेवढं होतही नाही. बजेट दहा हजार. घेऊ का?

कुळीथपिठलं | ४ मे, रात्री १०:०५

बिनधास्त घ्या. मेहुण्याने ठाण्यात घेतलाय तसलाच, टू बीएचकेत सगळीकडे दणदणीत रेंज.

जुनी_वायर | ४ मे, रात्री ११:२०

घेऊ नका. निदान आज रात्री तरी नको.

ठाण्यातल्या टू बीएचकेत चार इंची विटेच्या भिंती असतात, तिथे कुठलाही राउटर दणदणीतच चालतो. तुमच्याकडे प्रश्न अंतराचा नाही, भिंतींचा आहे. आणि वायफाय हे आकाशवाणीसारखं एकतर्फी प्रसारण नव्हे. राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनला त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज त्याच्या बॅटरीएवढाच. म्हणून मोठा राउटर घेतल्यावर फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. अँटेना वाढल्याने थोडा फरक पडतो. खोक्यावरच्या चित्रात दाखवतात तेवढा पडत नाही.

दुसरं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ला वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. २.४ आरपार जातो, वेगात मात्र बेताचा. तुमच्या ओटीवरचे ९० हे ५वरचे असणार आणि ऑफिसातले ६ हे २.४वरचे.

आता कामाला लागा. फोनवर वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या. आकडा ऋण असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ३ने घसरला की ताकद निम्मी, १०ने घसरला की दहावा हिस्सा. उणे ५० म्हणजे चैन. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर. ७५ला कुरकुर, ८५ला राम म्हणायचं. प्रत्येक खोलीत उभे राहून दोन्ही पट्ट्यांचे आकडे लिहा आणि घराचा नकाशा काढून टाका, हाताने काढलेला चालेल. राउटरचं नाव त्यानंतर.

डेट्रॉईटकर | ५ मे, सकाळी ६:५०

जुनी_वायर, अगदी. त्या ३००० स्क्वेअर फुटांबद्दल थोडं सांगतो. इथली घरं लाकडाच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ पत्रे ठोकून उभी केलेली असतात. भिंतीवर थाप मारली तर ढोलकीसारखी वाजते. माझं घर २६०० आहे, तळघर धरून, एकच राउटर मधल्या मजल्यावर ठेवलाय आणि सगळीकडे चालतं. असल्या घरात बसून लिहिलेली परीक्षणं वाचून चिऱ्याच्या घरासाठी खरेदी करू नये. शिवाय इथे खोलीखोलीत टीव्हीची जुनी कोॲक्स केबल भिंतीतून गेलेली असते, तिच्यावरूनच नेट फिरवता येतं. तुमच्याकडे ती सोय नसणार.

(आमच्या मालगुंडच्या घरी तीन आठवडे राहिलो होतो. सगळ्या मीटिंगा पडवीतल्या झोपाळ्यावरून केल्या. साहेबाला वाटलं मी बोटीवर आहे.)

तिरफळ | ५ मे, दुपारी १:१५

माका वाटलां हो त्रास फक्त आमकाच आसा! आमचं कुडाळचं घरही चिऱ्याचं. जांभ्यात लोखंड असतं म्हणून रेंज अडते असं आमचा केबलवाला सांगतो. खरं आहे का?

जुनी_वायर | ५ मे, दुपारी २:००

जांभ्यात लोह असतं हे खरं, तो तांबडा रंग त्याचाच. पण ते लोहाचं ऑक्साइड, म्हणजे गंज. धातूचा पत्रा लहर परत फेकतो, तसं गंज करत नाही. माझ्या मते चिऱ्याचे खरे गुन्हे दोन. एक त्याची जाडी, दुसरं त्याची भोकं. चिरा पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. पडवीकरांनी मोजमाप मेमध्ये केलंत तर जुलैत पुन्हा करा, आकडे उतरलेले दिसतील.

सांडगीमिरची | ५ मे, दुपारी ३:३०

गावी जाऊन नेट कशाला लागतं पण? फणस खा, झोपा.

पडवीकर | ६ मे, रात्री ८:१५

सांडगीमिरची, फणस खातोच आहे. पगार मात्र नेटवरून येतो.

मोजमाप केलं. बाबा मागून कंदील घेऊन आल्यासारखे टॉर्च घेऊन फिरत होते, दिवे गेले होते (खोकं इन्व्हर्टरवर आहे). आधी २.४, मग ५ :

ओटी, खोक्यासमोर : −३६, −३९
माजघर, मधोमध : −५९, −६८
बाळंतिणीची खोली : −७६, −८९
स्वयंपाकघर : −८१, ५ दिसतच नाही
माडी : −६९, −८१
गोठा, खळ्याच्या पलीकडे : −६४, −७७

शेवटची ओळ वाचलीत? गोठा ओटीपासून सत्तर फुटांवर. म्हणजे म्हशीला आईपेक्षा चांगली रेंज आहे.

जुनी_वायर | ६ मे, रात्री ९:३०

हाहा. पण बघा, या एका ओळीत सगळं आलं. ओटीच्या उघड्या दारातून खळ्यात लहर जाते तेव्हा मध्ये नुसती हवा. स्वयंपाकघराकडे जाताना दोन जाड भिंती. बाळंतिणीच्या खोलीची भिंत तर ओटीवरून तिरकी लागतेय नकाशात. दीड फुटाची भिंत तिरकी कापली की अडीच फुटांची होते. खोकं माजघरात असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

सोपी गोष्ट आधी : कंपनीला फोन करून फायबर आत माजघरापर्यंत ओढून द्यायला सांगा. थोडे पैसे घेतील. तेवढ्यावर निम्मं घर सुटेल. उरलेल्याला दुसरं केंद्र लागेलच.

मांडवीतीर | ७ मे, सकाळी ११:००

फोंड्याहून. आमचं घर मोठं, चारी बाजूंना खोल्या आणि मधोमध राजांगण. भिंती तुमच्यासारख्याच. आम्ही तीन राउटर बदलले, उपयोग शून्य. मग भाच्याने एकच ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा) राजांगणाच्या कडेच्या ओसरीत, पाऊस लागणार नाही असा आढ्याला टांगला. बहुतेक खोल्यांची दारं-खिडक्या राजांगणात उघडतात. भिंतीतून जायचा हट्ट सोडला आणि दारातून गेलो. त्याला वीजही नेटच्याच केबलमधून दिलीय, वर प्लग काढावा लागला नाही.

तुमच्याकडे राजांगण नाही, पण माळा आहे का? मधल्या भिंती कौलांपर्यंत गेल्यात की माळ्यापाशी थांबतात?

पडवीकर | ७ मे, दुपारी १२:२०

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला आमच्या झाडाचे हापूस. माळ्यापाशी थांबतात! वर सगळा एकच मोकळा पोटमाळा, ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत. माडीचा जिनाही तिथेच निघतो. लहानपणी आम्ही वरून रांगत जाऊन स्वयंपाकघरातले लाडू हेरायचो, हे डोक्यात आलंच नाही.

पण आधी एक बिनवायरीचा प्रयोग करतोय. पुण्याच्या मित्राने त्याचा दोन डब्यांचा मेश सेट (डबे आपसात बोलून घरभर एकच वायफाय पसरवतात) पाठवलाय, आठवडाभर वापरून बघ म्हणाला.

पडवीकर | १० मे, रात्री ९:००

मेश फसला. एक डबा ओटीवर, एक स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातला लाल दिवा दाखवतोय, तास झाला. मेश म्हणजे सगळ्या घरभर एकच जाळं ना? मग?

आयपीपत्ता | १० मे, रात्री ९:२५

दहातले नऊ जण हेच करतात. जिथे रेंज नाही तिथे दुसरा डबा ठेवतात. अहो, फोनला जिथे ऐकू येत नाही तिथे डब्याला तरी कसं ऐकू येणार? डबा ठेवायचा मध्ये, जिथे पहिल्याची रेंज अजून धड आहे अशा जागी. विहिरीवरून पाणी आणायला साखळी करतात ना, तशी. दुसरा माणूस विहीर आणि घर यांच्यामध्ये उभा राहतो. घरात उभा राहिला तर त्याच्या हातात घागर द्यायची कोणी?

माजघराच्या स्वयंपाकघराकडच्या दारात ठेवा.

पडवीकर | ११ मे, सकाळी १०:१०

ठेवला. स्वयंपाकघरात २८ एमबीपीएस! आईचा कॉल अर्धा तास चालला. ऑफिसात २२. पण माडीवर भाचरं व्हिडिओ बघायला बसली की माझी मीटिंग तोतरी होते.

जुनी_वायर | ११ मे, दुपारी १:००

होणारच. दोन पट्ट्यांचा मेश असेल तर डब्याडब्यांमधलं बोलणं आणि डब्या-फोनमधलं बोलणं एकाच पट्टीवर होतं. एकाच तोंडाने इकडचं ऐकून तिकडे सांगायचं, म्हणून वेग साधारण निम्मा पडतो. तीन पट्ट्यांचे महाग सेट मिळतात, त्यात मधल्या बोलण्याला वेगळी ५ची पट्टी असते. पण तीही ५च, तुमच्या भिंतीपुढे तिची तीच गत. पैसे वाया.

तुमचं उत्तर मांडवीतीर यांनी दिलंय. पोटमाळ्यातून केबल टाका. डबे तेच राहू देत, त्यांच्यात भिंतीऐवजी तांब्याची तार येऊ दे. बहुतेक मेश डबे केबल लावली की आपणहून तिच्यावर जातात. डेको एम४सारख्या मेश डब्याला केबल खोचायची दोन गिगाबिट (१००० एमबीपीएसची) पोर्ट आहेत, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ ओवता येते, वेगळा स्विच लागत नाही. डेको ई४ही दोन पोर्टचा, पण ते १०० एमबीपीएसचे.

कुळीथपिठलं | ११ मे, दुपारी १:४०

त्यांचा प्लॅनच १००चा आहे, मग स्वस्तातला का नको?

जुनी_वायर | ११ मे, दुपारी २:०५

रास्त प्रश्न. १००च्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात, आज पुरतील. पण प्लॅन दोन वर्षांत वाढतो आणि डबा पाच वर्षं भिंतीवर राहतो. मी एम४ घेईन. तुम्ही ई४ घेतलात तर हसणार नाही.

केबलबाबत मात्र हट्ट धरा : कॅट ६ प्रकारची नेटची केबल, अस्सल तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली फार विकली जाते. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर परत करा. १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनतक्रार जातं, तुम्हाला ३५ पुरेत. माळ्यावर उंदीर असणार, तेव्हा पीव्हीसी पाइपातूनच न्या.

बावधनवाली | ११ मे, संध्याकाळी ५:००

मध्येच घुसते. पुण्यात थ्री बीएचके, १४०० स्क्वेअर फूट, राउटर टीव्हीच्या कपाटात. शेवटच्या बेडरूममध्ये रेंज येत नाही. मीही केबल टाकू का?

आयपीपत्ता | ११ मे, संध्याकाळी ५:२०

आधी कपाटातून बाहेर काढा, पॅसेजमध्ये उंचावर ठेवा. टीव्हीच्या मागे, फिशटँकशेजारी, लोखंडी कपाटाजवळ किंवा मायक्रोवेव्हला खेटून नको. मायक्रोवेव्ह २.४च्याच आसपास चालतो. सोसायटीत शेजाऱ्यांची पंचवीसेक वायफाय दिसत असतील, तर २.४ला चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे कमी गजबजलेलं असेल ते राउटरच्या सेटिंगमध्ये हाताने निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. पैसे त्यानंतर खर्च करा.

बावधनवाली | ११ मे, रात्री ९:४५

कपाटातून काढून बुटांच्या रॅकवर ठेवला. नवरा म्हणतो घराची शोभा गेली. पण बेडरूममध्ये ५५ आले. शोभा गेली तर गेली.

पडवीकर | १९ मे, रात्री १०:००

अपडेट. तीन डब्यांचा एम४चा सेट घेतला. केबल, पाइप, मजुरी धरून बजेटच्या थोडं वर गेलं. वायरमन दादांनी ओटीतून वर, पोटमाळ्यातून माजघर आणि पुढे स्वयंपाकघर अशी लाइन टाकली. मधला डबा माजघरात बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर. मांडवीतीर यांचा "दारातून जा" हा मंत्र धरून.

ऑफिसात ९३, पण मधल्या केबलचा वेग ॲपमध्ये १००च दाखवतंय, १००० नाही. केबल तर खरवडून बघितली, तांबंच होतं.

आयपीपत्ता | १९ मे, रात्री १०:२०

टोकं तपासा. १००ला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एखादी तार नीट बसली नसेल तर लाइन गपचूप १००वर येते, तक्रार करत नाही.

पडवीकर | २० मे, दुपारी १२:००

दादांनी टोक कापून बघितलं, तपकिरी तार आत पोचलीच नव्हती. "चार तारांवर चालतंय की, बाकीच्या कशाला" असं त्यांचं म्हणणं. टोक पुन्हा क्रिंप केलं (पकडीने दाबून बसवलं), १००० आलं. चहा झाला.

अजून एक अडलं होतं, तेही लिहून ठेवतो. नवीन डबे लावल्यावर भाच्याच्या गेमला अडचण, कारण कंपनीचं खोकंही राउटर आणि पहिला डबाही राउटर. दोन सासवांचं घर. डबे ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकले, म्हणजे राउटरचं काम एकट्या खोक्याकडे ठेवलं, आणि खोक्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं, भांडण मिटलं.

निर्गुण | २० मे, संध्याकाळी ६:१५

ओटीतून स्वयंपाकघरात चालत गेलात तर कॉल तुटतो का?

पडवीकर | २० मे, रात्री ८:००

एखादा सेकंद अडखळतो. आईचा जुना फोन मात्र ओटीच्या डब्याला चिकटून बसतो, स्वयंपाकघरात शेजारी नवा डबा असतानाही.

जुनी_वायर | २० मे, रात्री ८:४०

कुठल्या डब्याला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो. डबे फक्त सुचवतात. जुन्या फोनला ते सुचवणं कळत नाही. वायफाय बंद-चालू केलं की सोडेल.

पडवीकर | २ जून, सकाळी ९:३०

आता बाबांची मागणी. मागल्या महिन्यात शेजारच्या वाडीत बिबट्याने वासरू नेलं. त्यांना गोठ्यावर कॅमेरा हवा आहे. ओटीतून गोठ्यापर्यंत केबल टाकू का? पावसाच्या आत करायचंय.

जुनी_वायर | २ जून, सकाळी १०:१०

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. कोकणात वळवाच्या विजा कशा पडतात ते मी तुम्हाला सांगायला नको. जवळपास कुठे पडली तरी केबलमध्ये दाब चढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात, माळेतले तिन्ही डबेही. टाकायचीच तर फायबर टाका, काचेतून वीज जात नाही.

पण तुम्हाला गरज नाही. गोठ्यात २.४ला −६४ आहे, तुम्हीच मोजलंत. कॅमेऱ्याला दोन-चार एमबीपीएस पुष्कळ. बरेच कॅमेरे फक्त २.४च समजतात. जोडताना फोन ५वर असेल तर काहींची जोडणी अडते, तेवढ्यापुरतं ५ बंद करा.

पडवीकर | १४ जुलै, रात्री ९:५०

आठवडाभर धो धो. जुनी_वायर यांच्या सांगण्यावरून पुन्हा मोजलं. प्रयोग म्हणून आतले दोन डबे बंद करून, फक्त ओटीवरचा चालू ठेवून, २.४वर : माजघर −५९चं −६३, स्वयंपाकघर −८१चं −८६. ओटीवर आता कंपनीच्या खोक्याऐवजी डबा आहे, त्यामुळे सगळा फरक पावसाचाच असं छातीठोक सांगत नाही. पण चिरा ओला झालाय हे हात लावून कळतं. सगळे डबे चालू केले की स्वयंपाकघर −४४. तिथे पावसाला कोणी विचारत नाही.

काल दिवे अकरा तास नव्हते. इन्व्हर्टर सातव्या तासाला झोपला. तिन्ही डब्यांना १२ व्होल्टचे छोटे बॅकअप बघतोय. कोणी वापरत असेल तर सांगा, डब्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यायचे एवढं कळलंय.

कॅमेऱ्यात बिबट्या अजून आलेला नाही. एक साळिंदर येतं, रात्री दोनच्या सुमारास. बाबा पहाटे उठून आधी तेच बघतात, मग म्हशीला.

तिरफळ | १४ जुलै, रात्री १०:३०

साळिंदराचा व्हिडिओ टाका. आणि न्हाणीघरात रेंज आली काय?

पडवीकर | १४ जुलै, रात्री १०:४१

नाही. आईने ती आणू दिली नाही.